दुसऱ्या हौदातला नत्र

रकाना ११. भेटीचे कारण

प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा सोलांज व्हिदाल दारात उभी राहून जर्दाळू खात होती.

"दुसऱ्या हौदाचा नमुना तीनदा तपासला," पलीकडची बाई म्हणाली. "नत्र मळीचा नाही. कारखान्यातला आहे."

"पहिला हौद?"

"स्वच्छ."

"बाटल्यांची अदलाबदल झाली असेल."

"मलाही तसंच वाटलं होतं. नाही झाली."

सोलांजने जर्दाळूची बी हातातच धरली. सव्वीस वर्षं ती सेंद्रिय शेतीची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेत निरीक्षक होती. आधी द्राक्षमळे, मग शेळ्या, आणि गेली नऊ वर्षं स्पिरुलिना, म्हणजे उबदार खारट पाण्यात वाढवून, सुकवून खायचं ते निळसर-हिरवं शेवाळ. नियम सोपा होता. सेंद्रिय शेवाळाला कारखान्यातलं नायट्रेट द्यायचं नाही. सेंद्रिय बीटाच्या मळीसारखं, वनस्पतीपासून आलेलं अन्नच द्यायचं. मळीतला नत्र वजनाला किंचित जड असतो, कारखान्यातला हलका, आणि शेवाळ जे खातं त्याचा ठसा अंगात घेऊनच वाढतं. शेतकरी काहीही सांगो, प्रयोगशाळा तो वाचते.

मे महिन्यात पहिला निकाल संशयास्पद आला होता. दुसरा नमुना घ्याच, असा हट्ट शेतकऱ्यानेच धरला होता.

तिने गाडी काढली.


रकाना १. शेतकऱ्याचे नाव

अन्सेल्म रूव्हिएर, वय अडुसष्ट.

रकाना इथे संपतो. खरं तर इथून सुरू व्हायला हवा.

मळीवर स्पिरुलिना जगत नाही असं सगळे म्हणत होते तेव्हा या माणसाने तीन हंगाम हौद सडू दिले. चौथ्या हंगामात एक जगला. त्या एका हौदाचे फोटो घेऊन तो आगगाडीने ब्रसेल्सला, युरोपचे नियम ठरतात तिथे, गेला, सुटाबुटातल्या लोकांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "नियम ढिला करू नका. होतं. मी करून बघितलंय." सोलांज नव्या निरीक्षकांना शिकवायला त्याच्याच शेतावर आणायची. प्रामाणिक नोंदवही कशी दिसते, ते बघा म्हणायची.

पहिलं प्रमाणपत्र हातात दिलं त्या दिवशी तो म्हणाला होता, "बाई, हा कागद नाही. हा माझा शब्द आहे. तो गेला तर हौद भरलेले असून काय करू? त्यात पोहू?"


रकाना २. परिसर

दक्षिण फ्रान्समधल्या लोदेव्ह गावाच्या वर, खडकाच्या कुशीत दोन पॉलिहाऊस आणि एक दगडी घर. घरापुढच्या वाफ्यात अन्सेल्मची बायको ओनोरीन टोमॅटोला काठ्या बांधत होती. झाडं किरकोळ होती, खालची पानं पिवळी पडलेली.

"यंदा टोमॅटो रुसलेत वाटतं," सोलांज म्हणाली.

"माझ्यासारखेच म्हातारे झालेत." ओनोरीन हसली, पण डोळे पाहुणीच्या कागदांवर होते. "निकाल आला का?"

"आला."

ओनोरीन हातातली सुतळी गुंडाळत राहिली, संपली तरी.

अन्सेल्मने कॉफी केली. स्वतःच ओतली, कपाच्या काठावर आतून बोट टेकवून. कॉफी बोटाला लागली तसा थांबला.

"बोला बाई. फाशी की सुटका?"

सोलांजने सांगितलं.

त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "गिलेम."

"पुरावा?"

"कोपऱ्यावरचा गिलेम कोंब. तो नायट्रेटवरच शेवाळ पिकवतो. सेंद्रिय नियम म्हणजे ब्रसेल्सच्या रिकामटेकड्यांचा उद्योग, असं चारचौघांत म्हणतो. वर्षभर आमचं बोलणं नाही. त्याचं नाव लिहा. नाहीतर मीच पोलिसांत जातो. आज."

"जाणार कसा?" ओनोरीन पटकन म्हणाली.

"तू नेशील. गाडी हल्ली हीच चालवते," त्याने सोलांजला सांगितलं. "माझा गुडघा."


रकाना ४. हौद

पॉलिहाऊसकडे जायला अठरा पायऱ्या. गुडघेवाला अन्सेल्म पुढे, एकेक पायरी न चुकता, झपाझप. सोलांज मागे धापा टाकत.

पहिला हौद उघड्या उन्हात. दुसरा खडकाच्या सावलीत, वर शेडनेटही. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून. आत शिरलं की डोळ्यांना सरावायला वेळ लागायचा.

अन्सेल्मने खुंटीवरची काठी घेतली. प्रत्येक शेवाळवाल्याकडे ही असतेच. खाली पांढरी चकती, वर सेंटिमीटरच्या खुणा. चकती पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी होईल तो आकडा. आकडा जितका लहान, तितकं शेवाळ दाट. अडीचच्या खाली आलं की कापणी करायची, तीनच्या वर गेलं की हौदाला हात लावायचा नाही.

त्याने चकती सोडली, खुणेवर अंगठा ठेवला आणि अंगठ्याने खाच चाचपली.

"दोन! बघा, काय गच्च आहे. याला कुणाच्या खताची गरज?"

सोलांज पलीकडच्या काठावर बाटली भरत होती. तिथे हौदाच्या अस्तराला एक घडी पडली होती. पाण्याखाली चांगली चार बोटं, पण स्पष्ट दिसत होती. तिने बाटलीचं बूच लावलं.

"कुलूप असतं का इथे?"

"हवा खेळायला दिवसभर उघडं. रात्री मी लावतो."

"दुपारी?"

"दुपारी झोपतो. या मुलखात दुपारी चोरसुद्धा झोपतात."


रकाना ५. बी कुठून आणले?

गिलेम कोंब चाळिशीतला होता, आणि नको तिथे हसायची त्याला सवय होती.

"या निरीक्षकबाई! अन्सेल्मच्या हौदात माशी पडली की सगळे माझ्याकडे बघतात. काय मिसळलं म्हणतो मी? विष?"

"खत."

"मग त्याने आभार मानावेत."

"फेब्रुवारीत त्याचा दुसरा हौद मेला. बी तुम्ही दिलंत?"

"वीस बादल्या जिवंत शेवाळ. माझ्या हाताने ओतल्या."

"भांडण असताना?"

गिलेमचं हसू गेलं. "भांडण माणसाशी. हौद मेला की शेजारच्याने बी न्यायचं, हा आमचा रिवाज. माझा मेला होता तेव्हा त्याने पंचवीस आणल्या होत्या. एक शब्द न बोलता आला, एक शब्द न बोलता गेला."

"तुमच्या बियात नायट्रेट असणारच."

"असणार. पण किती टिकणार ते? तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेल्या."

सोलांजने मनात हिशोब केला होताच. फेब्रुवारीपासून हौदाची सतत कापणी झालेली. जुनं शेवाळ कधीच निघून गेलं. मे-जूनमधलं सगळं नव्या अन्नावर वाढलेलं. वीस बादल्यांचा ठसा तोवर उरतच नाही. म्हणजे कुणीतरी अजूनही घालत होतं. दर आठवड्याला.

"तुमच्या कोठारातून नायट्रेट कुणी नेतं?"

"चोरी नाही होत."

"मी चोरी म्हटलं नाही."

गिलेमने पायातला खडा उगाच लाथाडला. "हे लिहिणार?"

"खरं असेल तर."

"ओनोरीन नेते. एप्रिलपासून. दर मंगळवारी दोन डबे. टोमॅटोला म्हणून." तो पुन्हा हसायला गेला, जमलं नाही. "सेंद्रियवाल्याची बायको! मी पोट धरून हसलो. मग तोंड बंद ठेवलं. बाईच्या टोमॅटोवरून म्हाताऱ्याचं प्रमाणपत्र जावं, एवढा हलकट नाही मी."

सोलांजने वही मिटली. तिला पिवळी पानं आठवली.


रकाना ६. नोंदवह्या

दोन होत्या. कार्यालयाला एकच लागते, म्हणून दुसरी आजवर कुणी मागितलीच नव्हती.

पहिली अन्सेल्मची, हौदाची. मागल्या वर्षीपर्यंत बारीक, टोकदार अक्षर. या वर्षी जाड काळं पेन, अक्षरं बोटाएवढी, ओळी उतरत्या.

दुसरी ओनोरीनची, सुकवणीची. गाळणं, दाबणं, जाळीवर पसरणं, वजन करणं हे तिचं काम. ती वही अन्सेल्म वाचत नसे.

सोलांजने दोन्ही शेजारी ठेवल्या.

अन्सेल्म, दुसरा हौद:
१० फेब्रुवारी, दोन.
११ फेब्रुवारी, दोन.
१२ फेब्रुवारी, मेला. वास आला. थंडी.
१९ फेब्रुवारी, बी घातलं.
२० फेब्रुवारी, दोन.
मार्च, रोज दोन. एप्रिल, रोज दोन. मे, रोज दोन.

ओनोरीन, दुसऱ्या हौदाचा सुका माल, आठवड्याचा:
मार्च, सहा किलो. चार. तीन. दोन.
एप्रिल, पहिला आठवडा, दीड.
दुसरा आठवडा, तीन. मग पाच. मग सहा.

सोलांजने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडे तेच होते.


रकाना ९. पर्यावरण

हौदाचं पाणी ओढ्यात सोडता का? नाही.

(या रकान्यात तिने एवढंच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. अंगणातून अन्सेल्मचा आवाज येत होता. तो पोलिसांचा नंबर ओनोरीनला शोधायला सांगत होता. तिला तो सापडत नव्हता.)


याला रकाना नाही

तुतीच्या झाडाखाली टेबल होतं. शेळीचं चीज, पाव, वर मलमलीचं फडकं. कुणी हात लावला नाही.

"गिलेमने केलेलं नाही," सोलांज म्हणाली.

"मग कोणी? मी?"

"तुम्हीही नाही. वहीत दुसरा हौद कायम दोन सेंटिमीटर. म्हणजे कायम दाट. दाट हौदाला कोण चोरून खत घालील? ज्याला तो विरळ होताना दिसला, त्यानेच घातलं. तुम्हाला तो विरळ दिसलाच नाही."

"कारण झालाच नाही!"

"अन्सेल्म, दाट हौद एका थंड रात्रीत मरत नाही. विरळ मरतो. अकरा तारखेला दोन, बारा तारखेला मेला. हे तुम्हीच मला नऊ वर्षांपूर्वी शिकवलंय."

त्याने फडक्याची कड चाचपली.

"एकोणीस तारखेला बी घातलं. एवढ्या मोठ्या हौदात वीस बादल्या. दुसऱ्या दिवशी काठी किती दाखवेल?"

"सात." उत्तर सवयीनेच आलं. "आठसुद्धा."

"वहीत दोन आहे."

तुतीवरून एक पिकलेलं फळ फडक्यावर पडलं. डाग पसरत गेला. कुणी उचललं नाही.

"सावलीतल्या हौदात चकती तुम्हाला दोनलाच नाहीशी होते," सोलांज हळू म्हणाली. "मघाशी मला तिथे चार बोटं खालची घडी दिसत होती; खत पडूनही तो रोजच्या कापणीने विरळच आहे. पहिला हौद उन्हात आहे, तिथे तुमचं अजून भागतं. दुसरा तुम्हाला रोज दाट वाटला, म्हणून तुम्ही रोज कापलात. मरेपर्यंत कापलात. गिलेमचं बी आलं, तेही कापत सुटलात. मार्चमध्ये सहा किलो, एप्रिलमध्ये दीड. हे आकडे फक्त एकाच माणसाच्या वहीत आहेत."

अन्सेल्मने मान वळवली. ओनोरीनकडे, पण तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला.

"टोमॅटोला खत म्हणून दर मंगळवारी दोन डबे आले," सोलांज म्हणाली. "टोमॅटो उपाशी आहेत. दुपारी शेतावर दोनच माणसं असतात. एक झोपलेलं."

"नोरीन?"

ओनोरीनने हात मांडीवर ठेवले होते, शाळेत बसवल्यासारखे.

"मळीवर जीव धरेना त्याचा," ती म्हणाली. "आठ दिवस मळी वाढवून बघितली. फेसच आला नुसता. दुसऱ्यांदा मेला असता तर तुला कारण शोधावं लागलं असतं. थंडी नव्हती आता. मग तू काठी नीट बघितली असतीस. मला बघायला लावली असतीस." ती थांबली. "पहिल्या दिवशी एकच मूठ घातली. तीन दिवसांत रंग फिरला. तू आत गेलास, नुसता वास घेतलास आणि शीळ घालत बाहेर आलास. सहा महिन्यांनी शीळ घातलीस रे."

"माझ्या हौदात तू नायट्रेट घातलंस."

"हो."

"मी या बाईसमोर छाती काढून म्हटलं, दुसरा नमुना घ्या. ब्रसेल्सला उभं राहून बोललो तो मीच. माझ्या तोंडून खोटं वदवलंस."

"मी म्हणत होते, नको दुसरा नमुना."

"का ते नाही सांगितलंस!"

"काय सांगू? अन्सेल्म, तुला दिसत नाही, असं? रोज सकाळी उठून मी तेच सांगायचं ठरवत होते. आणि तू रोज सकाळी उठून काठी घेत होतास."

"मला माहीत होतं."

ओनोरीनचं तोंड उघडंच राहिलं.

"दोन वर्षं." त्याचा आवाज खाली आला होता. "पंपाचा पाइप आणायला मॉन्तपेलिएला गेलो होतो ना? पाइप इथेही मिळत होता. डॉक्टरकडे गेलो होतो. नजरेच्या मधोमध डाग आहे, म्हणाला, वाढत जाणार. कडेचं दिसेल, समोरचं नाही. मी म्हटलं, हौद नाकाने कळतो, बोटांना कळतो. तुला सांगितलं असतं तर तू हौद बंद करायला लावले असतेस."

"असते."

"म्हणून."

"दोन वर्षं," ओनोरीन म्हणाली. "मी तुझ्या कपाटातले मोजे जोड्या लावून ठेवते. मीठ कायम डावीकडे. पायरीची कड चुन्याने रंगवली, म्हटलं पाली येऊ नयेत म्हणून. दोन वर्षं मला वाटलं, मी तुला फसवतेय."

"मोज्यांचं कळलं होतं मला," तो म्हणाला. "खताचं नाही कळलं."

तिने हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही. त्याला दिसला नव्हता की घ्यायचा नव्हता, हे सोलांजला सांगता आलं नसतं. तिने ते लिहिलंही नाही.


रकाना १२. निर्णय

दुसऱ्या हौदाचा एप्रिलपासूनचा माल परत बोलवावा. प्रमाणपत्र रद्द. पुन्हा हवे असल्यास हौद रिकामा करून नव्याने सुरुवात; नियमाप्रमाणे वाट पाहावी लागेल.

सोलांजने मोठ्याने वाचून दाखवलं.

"ओनोरीनचं नाव कुठे येतं?" अन्सेल्मने विचारलं.

"कुठेच नाही. फॉर्ममध्ये शेतकरी एकच असतो. जे झालं ते तुमच्या नावावर."

"बरंय. गिलेमचं नाव मी घेतलं होतं. ते कुठे लिहिलंत का?"

"नाही."

"त्याला मी सांगेन. चालत जाईन. रस्ता येतो मला."

"फेरविचार करा म्हणून अर्ज करता येईल," सोलांज म्हणाली. तिलाच ते पोकळ वाटलं. "आजारपण, वय, पहिलीच चूक. वर कुणीतरी वाचेल."

"काय म्हणू अर्जात? नियम ढिला करा? बाई, तो नियम कडक ठेवा म्हणून ओरडणारा मीच होतो. आता माझ्यापुरता वाकवा म्हणू?"

ओनोरीन उठली, आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला.


रकाना १४. शेतकऱ्याचे म्हणणे (तीन ओळींत)

"लिहा," अन्सेल्म म्हणाला.

सोलांजने पेन उचललं.

"मला दिसत नाही हे मी बायकोला सांगितलं नाही. तिला ते कळलंय हे तिने मला सांगितलं नाही. हौदाची चूक नव्हती."

"झालं?"

"तीन ओळी म्हणालात ना."

तिने कागद त्याच्याकडे सरकवला, पेन बोटांत दिलं, सहीच्या रेघेवर त्याचं मनगट नेऊन ठेवलं. ओनोरीन दारात येऊन उभी होती. डोळे धुतलेले, स्वयंपाकघरातल्या पंच्याने पुसलेले. गालावर पिठाचा पांढरा पट्टा.

अन्सेल्म सही करू लागला. मोठी, पूर्ण नावाची, ब्रसेल्सच्या कागदांवर केली होती तशी. 'अन्सेल्म' रेघेवर बसलं. 'रूव्हिएर' उतरत उतरत कागदाच्या कडेला आलं, कड ओलांडून टेबलाच्या लाकडावर गेलं, आणि पेन तिथेही चालतच राहिलं.

सोलांजला वाटलं, आता ओनोरीन पुढे होईल, हळूच कागद सरकवील, त्याला कळणारही नाही.

ओनोरीन दारातच थांबली.

"अन्सेल्म," ती म्हणाली, "कागद संपला."

पेन थांबलं.

"केव्हा?"

"नावाच्या निम्म्यावर."

त्याने लाकडावरून बोट फिरवलं, शाई ओली होती तिथपर्यंत. मग दाराकडे तोंड करून, बाजूला न बघता, थेट आवाजाच्या दिशेने म्हणाला,

"ये. धर नीट. पुन्हा करतो."